लाल गाडीला गिऱ्हाईक नव्हतं

आमच्या शोरूममध्ये ज्या गाडीचे सगळ्यात जास्त फोटो निघाले, तीच सगळ्यात कमी विकली गेली. नारायणगावच्या बायपासला लागून आमचं शोरूम. काचेच्या आत गाड्या ओळीनं उभ्या, आणि दारातून आत येणारं माणूस, मग ते कुणीही असो, आधी त्या लाल गाडीकडं वळायचं. बोनेटवरून हात फिरवायचं, "काय गाडी हाय राव," म्हणायचं, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचं आणि दुसरीच गाडी बुक करून घरी जायचं. मी तिथं विक्रीचं काम करते. हे बघून बघून माझं डोकं फिरायची पाळी आली होती, कारण ती गाडी मला हवी होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणावर चिडले तर कशापायी चिडले ते कळेल.

गाडी म्हणाल तर छोटीच. रोजच्या हॅचबॅकचंच अंग, पण कंपनीनं तिच्यात दांडगं इंजिन बसवलेलं, स्प्रिंगा कडक केलेल्या, सीटला लाल दोऱ्याची शिलाई, मागं दोन सायलेन्सर. बसकी, जमिनीला टेकल्यासारखी. गिअर हातानं टाकायचे, आणि टाकला की आपण काहीतरी केलं असं हाताला कळायचं. तिची डेमो गाडी माझ्याच ताब्यात असायची, कारण शोरूमच्या पोरांनी ती स्पीडब्रेकरवर घासून आणली तेव्हा मी त्यांना असं झापलं की पुन्हा कुणी किल्ली मागितली नाही.

मी पहिल्यापासून अशीच, एका जागी ठरत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्न होऊन येडगावला आले. सासर चांगलं आहे, धरणाच्या पाण्यावरची शेती, टोमॅटो, ऊस, माणसंही मायेची. पण संध्याकाळी सगळे ओट्यावर निवांत बसले की माझ्या अंगात मुंग्या येतात. उठू का, घासलेली भांडी परत घासू का, असं होतं. त्या गाडीत बसल्यावर तेवढं थांबायचं. पाय क्लचवर, हात गिअरवर, डोळे रस्त्यावर. सगळ्या अंगाला काम मिळालं की डोकं गप बसतं. हे मी घरात कधी बोलले नव्हते. बोलून कोण काय समजणार होतं, असं मला वाटायचं.

आता गिऱ्हाइकांचं सांगते. आमच्याकडं गाडी एकटा माणूस घेत नाही. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही शोरूममध्ये जाऊन बसा आणि बघा. एक गाडी घ्यायला दोन गाड्या भरून माणसं येतात. नवरा, बायको, पोरं, म्हातारी, चुलता, आणि ज्याला गाडीतलं सगळं कळतं असा एक मेहुणा. सगळ्यांनी आळीपाळीनं आत बसायचं, दारं उघडायची, लावायची, डिक्कीत डोकं घालून बघायचं. पोरगी बघायला जातात ना, अगदी तसं, फक्त इथं चहापाणी आम्ही करतो. चुलत्याला पटलं आणि म्हातारीचा गुडघा दुमडला तर गाडी ठरते. एकानं मान हलवली की संपलं.

आणि ती लाल गाडी म्हणजे एका माणसाची गाडी. चालवणाऱ्याची. मागं बसणाऱ्याला तिच्यात काय मिळणार, गचके.

एकदा एक बागायतदार घर आलं. तिशीतला मुलगा, त्याची नजर लाल गाडीवरून हलेना. मी त्याला चक्कर मारून आणली तर परत येताना लाजून हसत होता, इतका खूश. मग बाकीचे बसले. आजीला आत बसवलं तर तिथूनच म्हणाली, "आता मला हितनं कोण काढणार?" चुलत्यानं डिक्की उघडली.

"ताई, हिच्यात कॅरेट किती बसत्याल?"

"भाऊ, टोमॅटोला पिकअप आहे ना तुमच्याकडं?"

"हाय की. पण अडीनडीला?"

या अडीनडीनं त्या गाडीचा जीव घेतला, मी खरं सांगते. आमच्याकडं सगळं अडीनडीला घेतात. गाद्या जास्तीच्या, पातेली जास्तीची, आणि गाडीत शिटा जास्तीच्या, दिवाळीला आत्या आली तर. वर्षातून एकदा येणाऱ्या आत्यासाठी वर्षभर मोकळी शीट फिरवायची. त्यांनी उंच पांढरी गाडी घेतली. कागदपत्रं होईस्तोवर तो मुलगा लाल गाडीत स्टेअरिंग धरून बसून राहिला. त्याला हाक मारायचं माझ्या जिवावर आलं होतं.

अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं यायची ती वेगळीच. त्यांना त्या गाडीतलं माझ्याहून जास्त ठाऊक. टेस्ट ड्राइव्ह घ्यायची, व्हिडिओ काढायची आणि "ताई, नोकरी लागली की पहिली हीच," म्हणून दुचाकीवर तिघं बसून निघून जायची. त्यांना नोकरी लागेपर्यंत कंपनी थोडीच थांबणार होती?

नाहीच थांबली. एका सकाळी आमच्या मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं की लाल गाडी बंद. नुसता रंग नव्हे, अख्खं मॉडेलच. आहे तेवढा माल संपवायचा आणि डेमो गाडीही काढून टाकायची.

"पण साहेब, लोक तिलाच बघायला येतात."

"मॅडम, लग्नातला घोडा विकायला असतो का?" साहेब म्हणाले. "लोक घोडा बघायला गोळा होतात आणि जेवून जातात. आपलं जेवण म्हणजे उंच गाड्या. आता लोक घोड्याशिवायही जेवायला यायला लागलेत, मग घोडा कशाला पोसायचा?"

मी वाद घातला. माझी सवयच आहे. साहेब शांत माणूस, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. धुराचे नियम बदलले की प्रत्येक इंजिनाची चाचणी नव्यानं करावी लागते, मग गाड्या ढीगभर विका नाहीतर चार विका, चाचणीचा खर्च तेवढाच. तिच्या स्प्रिंगा वेगळ्या, शिटा वेगळ्या, सायलेन्सर वेगळा; एवढ्याशा मालासाठी मशीन लावायला ते बनवणारेही कुरकुरतात. कारखान्यात गाड्या जुळवायचा पट्टा एकच. त्याच वेळात, त्याच पट्ट्यावरून उंच गाडी उतरली तर कंपनीला जास्त सुटतं. आणि जे लोक या गाडीवर जीव टाकतात ते एकतर शिकताहेत, नाहीतर त्यांच्या घरात चुलता आहे. हे शेवटचं साहेबांचं नाही, माझं.

खरं तर मला यातलं काही नवीन नव्हतं. मी गाडामालकाची पोरगी. माझं माहेर बोरी बुद्रुक, आणि आमच्या आबांकडं, म्हणजे वडिलांकडं, बैलगाडा शर्यतीचे बैल होते. शर्यतीचा बैल नांगराला जुंपत नाहीत. त्याला दूध, अंडी, उडदाचा भरडा, आंघोळ, मालिश, आणि शर्यतीच्या घाटात बारी सुटली, म्हणजे बैल पळायला सोडले, की श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत सगळं आटोपतं. तेवढ्यासाठी वर्षभर खाऊ घालायचं. आमच्या घरात कोंबड्या आमच्या आणि अंडी बैलांची. आम्ही बहिणी भाकरी-कालवण खाता खाता गोठ्याकडं बघून जळायचो. आई भरडा दळता दळता म्हणायची, "काय उपयोग ह्या बैलांचा?" आणि आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. यात्रेला घाटात ही गर्दी लोटायची, ओरडून लोकांचे घसे बसायचे, पण बैल पोसणारं घर गावात एखादंच. बघणाऱ्याचं काय जातं?

मग शर्यतींवर बंदी आली. आबा तरीही बैलांना खाऊ घालत राहिले, कितीतरी वर्षं. शेवटी लोकांनी समजावून समजावून विकायला लावले, आणि बैल गेल्यावर बंदी उठली. तेव्हापासून घाटात कितीही भोंगे वाजले तरी आबा त्या बाजूला फिरकले नाहीत. तर सांगायचं म्हणजे, कंपनी काही गाडामालक नसते. नांगराला न चालणारा बैल ती एक हंगामही ठेवत नाही.

डेमो गाडी काढायची म्हटल्यावर आधी स्टाफला विचारतात, कुणाला घ्यायचीय का म्हणून. यंदा घरात गाडी घ्यायची हे टोमॅटोनं हात दिल्यापासून ठरलेलंच होतं, फक्त कुठली ते ठरायचं होतं. मी रात्री जेवताना लाल गाडीचं काढलं. नवरा म्हणाला, "रविवारी येऊ की सगळे बघायला." सगळे म्हणजे काय, ते मी रोज शोरूममध्ये बघत होते.

रविवारी आले. सासू, सासरे, नवरा, आणि गाडीतलं कळतं असा आमचाही एक, म्हणजे नणंदेचा नवरा. मी युनिफॉर्ममध्ये, कॉलर नीट करून उभी. स्वतःच्या घरच्यांना "या, बसा" म्हणताना मला कसंतरीच होत होतं.

"ॲव्हरेज किती देती?" सासऱ्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"आपल्या धरणाकडच्या रस्त्याला खालनं लागंल," नणंदेचा नवरा म्हणाला.

"सावकाश चालवली तर नाही लागत, दाजी."

"सावकाशच चालवायची तर मग ही कशाला?"

बरोबर होतं त्यांचं, म्हणूनच मला ते तिथल्या तिथं नकोसे झाले. मग आई, म्हणजे सासूबाई, पुढच्या शिटावर बसल्या. लाल शिलाईवरून बोट फिरवलं, समोरच्या काचेतून बघितलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "तुला येवढ्या घाईनं कुठं जायाचंय गं?"

टोमणा नव्हता तो. त्यांना टोमणे मारता येतच नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

गिऱ्हाइकाच्या कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडं उत्तर तयार असतं. ॲव्हरेजला आहे, रिसेलला आहे, म्हातारीच्या गुडघ्यालाही आहे. या प्रश्नाला नव्हतं. कुठंच नाही, हे खरं उत्तर. मला कुठं पोचायचं नाही, मला नुसती ती चालवायची आहे, त्याशिवाय माझं डोकं शांत होत नाही. पण हे भर शोरूममध्ये, युनिफॉर्म घालून, सुनेनं सासूला सांगायचं कसं? मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "तसं काही नाही, आई."

"मग मोठीच बघू," आई म्हणाल्या, आणि विषय संपला. दसऱ्याच्या मुहूर्तावर उंच पांढरी गाडी ठरली. सात शिटांची.

लाल गाडी पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं जायची होती. ती जायच्या आदल्या दुपारी मी साहेबांना म्हटलं, जरा एक चक्कर मारून आणते. साहेबांनी किल्ली दिली आणि कुठं म्हणून विचारलं नाही. मी सरळ बोरीला गेले. आबा पडवीत बसले होते, नुसतेच.

"आबा, चला."

"कुठं?"

"चला तर खरं."

ते वाकून आत बसले. गुडघ्याची तक्रार नाही, बूड जमिनीला टेकतंय म्हणून कुरकुर नाही. दार लावून घेतलं, समोरच्या डॅशबोर्डवर तळहात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि विचारलं, "हिला शेवटची कधी पळवली?"

इतके महिने इतकी माणसं त्या गाडीत बसून गेली, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"पळवतंय कोण? शोरूमपासून टोलनाक्यापर्यंत न्यायची आणि वळवून आणायची."

"म्हंजे बांधूनच ठिवली."

"हो."

"मग आज सोड तिला."

आळेफाट्याच्या पुढं गेल्यावर दुपारचा हायवे मोकळा होता. मी तिसऱ्यावर टाकली आणि पाय दाबला. इंजिनाचा आवाज बदलला, पाठ शिटात रुतली, रस्त्याकडेचं बाजरीचं रान मागं सरकायला लागलं. चौथा टाकला. माझ्या डोक्यात शोरूम नव्हतं, दाजी नव्हते, दसरा नव्हता. गाडी हळू केली तेव्हा आबांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि ते रस्त्याकडं बघून असे हसत होते की त्या हसण्याला मी बैल गेल्यापासून पारखी झाले होते.

पुढं एका रसवंतीपाशी थांबलो. रस पिता पिता त्यांनी विचारलं, घरचे काय म्हणतात. मी सगळं सांगितलं, आईंच्या प्रश्नापर्यंत आले आणि मला रडू फुटलं. गाडीसाठी रडतेय याची लाज वाटली, आणि लाज वाटतेय याचा रागही आला. रसवंतीवाला तिकडं तोंड करून उगाच लिंबं मोजायला लागला.

"घरच्यांचं चुकत न्हाई," आबा म्हणाले. "तुझी आई बी चुकत नव्हती. अंडी पोरींच्या ताटातच पायजे व्हती. त्यांचं चुकत न्हाई म्हणून तर लई लागतं."

मी पदराला डोळे पुसायला गेले तर अंगात युनिफॉर्म. बाहीला पुसले.

"माझं मातुर चुकलं," आबा म्हणाले. "भरडा तिनं दळला, पाणी तिनं पाजलं, रातची उठून गोठ्यात तीच जायाची. आन बारी तिनं एकदा बी बघितली न्हाई. बाया घाटात येत नव्हत्या तवा. आमाला बी न्यावं वाटलं न्हाई. मंग जिनं पळताना बघितलंच न्हाई, ती काय उपयोग म्हणंलच की."

ग्लास खाली ठेवून ते उठले आणि गाडीकडं निघाले. येताना मी सावकाश चालवली.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा ड्रायव्हर आला आणि ती घेऊन गेला. पोरगा क्लच अर्धवट सोडून चालवत होता, ते मला बायपासला वळेपर्यंत ऐकू येत राहिलं. दसऱ्याला आमची पांढरी गाडी निघाली. पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून सगळे उभे राहिले, मी नारळ फोडून दिला आणि फोटोही मीच काढला, कारण शोरूममध्ये ते काम माझंच असतं.

नवी गाडी आधी देवाला न्यायची, ही आमची पद्धत. भीमाशंकरला निघालो. नवरा चालवत होता, सासरे पुढं, आई मधल्या शिटावर, आणि मी सगळ्यात मागं, प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन. रोज दिवसभर गाड्या चालवणारी बाई घरच्या गाडीत तिसऱ्या रांगेत. गाडी खरंच चांगली आहे. जागा आहे, थंडगार होती, कुणाचा गुडघा दुखला नाही. मंचर गेलं, घोडेगाव गेलं. डिंभ्याच्या पुढं भातखाचरं लागली, भात पिकून पिवळा पडलेला, आणि चढाची वळणं सुरू झाली. नवरा बैलगाडी हाकावी तसा चालवत होता. माझे पाय आपोआप हलायला लागले, क्लच नसलेल्या जागी क्लच दाबायला लागले. अंगात त्या मुंग्या. आणि डोक्यात आबांचं ते, बारी तिनं एकदा बी बघितली न्हाई.

"गाडी थांबवा," मी म्हणाले.

"मळमळतंय का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. मला चालवायचीय."

"घाटात?"

"घाटातच. आणि आई, तुम्ही पुढं बसा."

सासऱ्यांनी वळून बघितलं, काय त्यांच्या मनात आलं कुणास ठाऊक, पण मुकाट्यानं उतरून मागं गेले. आई पुढं बसल्या. मी शीट पुढं घेतली, आरसा नीट केला, गिअर टाकला. रस्ता मोकळा होता. पहिल्या वळणाला त्यांनी दारावरचं हँडल धरलं. दुसऱ्याला माझ्याकडं बघितलं.

"कुठं जायाचंय गं येवढ्या घाईनं?"

"कुठंच नाही, आई," मी म्हणाले. "मला चालवायला आवडतं. हे केलं की डोकं शांत होतं, नाहीतर होत नाही. धरून बसा."

मी वळण घेतलं, मग त्याच्या पुढचं. उंच गाडी, प्रत्येक वळणाला एका अंगावर झुकत होती, तिला सावरून घ्यावं लागत होतं. आई धरून बसल्या होत्या, पण रस्त्याकडं बघत नव्हत्या. माझ्या हातांकडं बघत होत्या. वर सपाटी लागल्यावर त्यांनी हँडल सोडलं आणि पदर सारखा केला.

"ही लई डुलती," त्या म्हणाल्या. "ती लाल डुलली असती का अशी?"

"नाही, आई. ती जमिनीला धरून चालायची."

त्या माझ्याकडं वळल्या.

"मंग तवा हे का न्हाई बोललीस?"

तोवर कारखान्यातल्या पट्ट्यावरून ती गाडी उतरायची कायमची बंद झाली होती.